सहा बाटल्या आणि एक विहीर

गॅसचा नमुना बाटलीत घेतला की ती बाटली उलटी ठेवायची. बूच खाली, बूड वर. बाटलीत थोडं पाणी मुद्दाम राहू दिलेलं असतं. ते बुचावर येऊन बसतं आणि गॅस वर, काचेखाली अडकतो. काचेतून गॅस जात नाही. रबराच्या बुचातून मात्र जातो; अगदी थोडा, पण जातो. बुचावर पाणी असलं की त्याची वाट अडते. एवढी साधी गोष्ट आहे. ही मी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकले आणि पुढची चार वर्षं ती दुसऱ्या कुणाला समजावून सांगावी असं मला एकदाही वाटलं नाही.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावची. घरी धानाची शेती, मागे गोठा, पुढे राइस मिलचा भुसा उडत येणारा रस्ता. रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाले आणि चंद्रपूरच्या एका प्रयोगशाळेत कंत्राटावर लागले. जीपमध्ये पेटी टाकून गावोगाव फिरायचं, विहिरीचं, हातपंपाचं पाणी घ्यायचं, कुठे जमिनीतून गॅस येत असेल तर तो घ्यायचा, चिठ्ठ्या लावायच्या आणि चंद्रपूरला आणायचं. बारीक मोजमाप आमच्याकडे होत नसे. ते नमुने दुसऱ्या शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेत जात. काम मला मनापासून आवडायचं. पण हातात नमुन्यांची पेटी आली की माझ्या अंगात कलेक्टर संचारायचा. गावात पाऊल टाकलं की मी मूलची बोली जीपमध्येच ठेवून पुस्तकी मराठी बोलायला लागायचे. "इथे उभं राहू नका." "त्याला हात लावायचा नाही." "मी सांगेन तेवढंच करा." लोक ऐकायचे. लोक ऐकतात म्हणजे आपलं बरोबरच असणार, असं मला तेव्हा वाटायचं.

ती विहीर चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या सीमेजवळच्या एका टोल्यावर, म्हणजे लहानशा वाडीत होती. चाळीसेक घरं, बहुतेक गोंडांची, चहूकडे साग आणि मोह. विहीर एका बाईच्या आवारात. साठीची, काटक, कमी बोलणारी. विहीर तिने आणि तिच्या नवऱ्याने मिळून खणलेली. तो खाली खणायचा, ती वरून माती ओढायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा मागच्या दोन वर्षांसारखा याही वर्षी तेलंगणात मिरची तोडायला गेलेला, घरी ती आणि सून. उन्हाळ्यात टोल्यावरची दुसरी विहीर आटायची, हातपंप नुसता खडखडायचा, आणि सगळा टोला या विहिरीवर यायचा. तिने कधी कुणाला अडवलं नव्हतं. पहाटे उठून ती विहिरीभोवतीचा पाला झाडायची, एवढाच तिचा मालकी हक्क.

त्या वर्षी चैत्रात गाळ काढायला गावातला एक माणूस विहिरीत उतरला. मधे दम खायला पायरीवर बसला आणि त्याने विडी पेटवली. पाण्यावरून निळसर भडका सरकत गेला. माणूस वाचला, त्याच्या भुवया गेल्या. बातमी तालुक्याला पोचली, तिथून चंद्रपूरला, आणि चंद्रपूरहून मी निघाले.

प्रश्न एकच होता, हा गॅस कुठला? त्या भागात जमिनीखाली कोळशाचे थर आहेत. काही कोसांवर बोअर मारून त्यांची तपासणीही चालली होती. कोळशातला गॅस खडकातून वाट काढत विहिरीत येत असेल तर तो थांबवता येणार नाही. विहीर बुजवावी लागणार. पण तो विहिरीच्याच तळाशी, गाळातला पाला सडून होत असेल, तर गाळ काढायचा, विहीर उघडी ठेवायची, आग जवळ न्यायची नाही, की झालं. बाईची विहीर राहते की जाते, हे सगळं एवढ्यावर होतं.

गंमत अशी की दोन्ही गॅस सारखेच, दोन्ही मिथेन. मिथेनला रंग नाही, वास नाही, पेटतो तोही सारखाच. त्याची ओळख पटते ती त्यातल्या कार्बनवरून. कार्बन दोन वजनांचा असतो, एक हलका आणि एक जरासा जड. समस्थानिक म्हणतात त्यांना. चिखलातले सूक्ष्म जीव पाला सडवून मिथेन करतात, त्यात हलका कार्बन जास्त उतरतो. कोळसा जमिनीत खोल तापून गॅस सोडतो, त्यात जड कार्बनचा वाटा मोठा असतो. यंत्र हे प्रमाण मोजतं आणि एक आकडा देतं. आकडा जड आला तर कोळसा, हलका आला तर गाळ. निदान मी तरी तेव्हा एवढंच मानून चालले होते.

नमुने घ्यायला पूर्ण सकाळ गेली. एका लांब बांबूला नरसाळं उलटं बांधायचं, ते बुडबुड्यांवर पाण्यात धरायचं आणि नळीने गॅस बाटलीत घ्यायचा. माझी गाठ दोनदा सुटली. बाई पुढे आली, माझ्या हातातली दोरी घेतली आणि तिने अशी गाठ मारली की नंतर मला ती कापावीच लागली. सहा बाटल्या भरल्या. मी तिला 'बाई' म्हणत होते, ती मला 'मॅडम'.

नियमाप्रमाणे नमुने त्याच दिवशी निघायला हवे होते. पण जीपला एक यंत्र घेऊन अहेरीला जायचं होतं आणि ती तिसऱ्या दिवशी परत येणार होती. मधल्या दोन दिवसांत मला पलीकडच्या दोन गावांचं पाणी घ्यायचं होतं. सहा बाटल्यांची लाकडी पेटी घेऊन कुठे हिंडणार? मी ती बाईच्या घरात, धान साठवायच्या ढोलीशेजारी ठेवली. प्रत्येक बाटली आपापल्या खणात उलटी आहे ना, हे पाहिलं. मग सून आणि सासू दोघींकडे बोट रोखून म्हणाले, "याला कुणीही हात लावायचा नाही. समजलं?"

दोघींनी माना डोलावल्या. बाटल्या उलट्या का ठेवल्या, हे सांगायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. ते अर्धं मिनिट मी दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी जीप आली. पेटी होती तशी होती, बाटल्या उलट्या. मी सही-शिक्क्यानिशी ती पुढे धाडली.

तीन आठवड्यांनी निकाल आला. मोठ्या प्रयोगशाळेत गर्दी होती म्हणून त्यांनी आधी दोनच बाटल्या मोजल्या होत्या. दोन्हींचा आकडा जड. म्हणजे कोळसा. तालुक्याच्या बैठकीत फार चर्चा झाली नाही. आधी विहिरीवर जाळी टाकून कुलूप लावायचं आणि पावसाळ्याच्या आत ती बुजवायची, असं ठरलं. नोटीस घेऊन मला पाठवलं.

कुलूप लागताना बाई दारात उभी होती. सून आत निघून गेली. बाईने मला विचारलं, "मॅडम, खालूनच येते काय तो गॅस?"

"यंत्राने तसं सांगितलंय."

"चाळीस वर्सं झाली विहिरीले. खालून यायचा असता तं पयलेच आला असता नाई काय?"

मी म्हणाले, "बाई, त्यातलं तुम्हाला नाही कळायचं." हे वाक्य मी बोलले आहे.

वैशाख सुरू झाला. टँकर यायचा तेव्हा यायचा. बाकी दिवस बायका दीड कोसावरच्या नाल्यात जायच्या, वाळूत खड्डा करायच्या, पाणी साचायची वाट बघायच्या आणि वाटीवाटीने घागर भरायच्या. वाट सागाच्या जंगलातून होती आणि त्या उन्हाळ्यात त्या जंगलात वाघीण पिल्लांसकट होती. बायका घोळक्याने जायच्या, डबे वाजवत. हे मला जीपचे ड्रायव्हर भाऊ सांगायचे, त्यांचं त्या बाजूला येणं-जाणं असे. मी ऐकायचे आणि म्हणायचे, काय करणार, गॅस पेटला असता तर? माझ्याजवळ उत्तर तयार असायचं.

मग एका दुपारी मोठ्या प्रयोगशाळेतून फोन आला. तिथले एक वयस्कर शास्त्रज्ञ होते, मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, फक्त आवाजाने ओळखायचे. ते म्हणाले, "उरलेल्या चार बाटल्या आज लावल्या. तुमच्या सहा बाटल्यांत सहा विहिरी आहेत."

मला वाटलं ते थट्टा करताहेत. ते थट्टा करत नव्हते. एकाच विहिरीचे, एकाच सकाळचे सहा नमुने, आणि आकडे सहा. पाच बाटल्यांत मिथेन कमी झाला होता, कुठे थोडा, कुठे निम्म्याहून जास्त, आणि हवा शिरली होती. ज्या बाटलीत मिथेन जितका कमी, तिचा आकडा तितका जड. एकाच बाटलीत गॅस पुरता शाबूत होता आणि तिचा आकडा हलका होता. चांगलाच हलका.

"बाटल्या कुठे सरळ राहिल्या होत्या का?" त्यांनी विचारलं.

"नाही सर. मी उलट्या ठेवल्या, उलट्याच उचलल्या."

"बरं," ते म्हणाले. "मग मी काय म्हणतो ते ऐका. जमिनीखाली गॅस प्रवास करतो ना, तेव्हा वाटेत त्याचं काय होतं ते तुम्ही पुस्तकात वाचलं असेल. मोठ्या भेगेतून गॅस झपकन वर आला तर तो होता तसाच येतो. पण घट्ट मातीतून, खडकातून झिरपत जायची वेळ आली की हलका पुढे सरकतो, जड मागे राहतो. म्हणजे निघालेला हलका दिसतो आणि मागे उरलेला जड. शिवाय वाटेत हवा मिळाली की तिथले सूक्ष्म जीव मिथेन खातात, तेही हलकाच आधी उचलतात. आता खडकाच्या जागी तुमचं रबरी बूच ठेवा. तुमच्या पाच बाटल्यांत जे मोजलं, ते मागे उरलेलं आहे. विहिरीतला गॅस तो नाही."

मी हे सगळं वाचलं होतं. परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. पण भूगर्भातली ही वाटचाल माझ्या स्वतःच्या पेटीत घडू शकते, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. फोन ठेवला आणि तारखा मोजल्या. विहिरीला कुलूप लागून तेव्हा तीन आठवडे झाले होते आणि बुजवायचं काम पुढच्या पंधरवड्यात निघणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टोल्यावर पोचले. बाई अंगणात सुपात मोहफुलं निवडत बसली होती. सून नुकतीच नाल्यावरून आली होती, खांद्यावरचा पदर ओला. मी खाली बसले. कशी सुरुवात करावी ते कळेना. शेवटी पुस्तकी मराठी आपोआप गळून पडली आणि मी घरी बोलते तशी बोलले.

"बाई, त्या बाटल्या मी इथी ठेवल्या होत्या. त्यायले कोणी सरळ केलं होतं काय?"

सुनेने सासूकडे पाहिलं. बाईचे हात सुपावरच थांबले. नाही म्हणाली असती तर मला काय कळणार होतं? पेटीला कुणी साक्षीदार नव्हता. आणि हो म्हणणं सोपं नव्हतं. सरकारी वस्तूला हात लावला म्हणून कुणी काय करेल याचा तिला अंदाज नव्हता. ती माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "मीच केल्या जी."

"काऊन?"

"एकीतून पाणी ठिबकून राह्यलं होतं. भरलं भांडं कोणी उलटं ठेवते काय? मले वाटलं तुमी घाईत होत्या, पेटी उलटी धरली असन. म्हणून सगळ्या सरळ करून ठेवल्या. एक खणात अटकली होती, निंगालीच नाई. ते तशीच राह्यली."

"मंग मी आली तवा तं उलट्याच होत्या."

आता सून बोलली. "मी म्हणलं आत्याले, मॅडमनं हात लावू नका म्हणलं होतं, त्या लय रागावतीन. म्हणून तुमची जीप दिसली तशा आमी परत उलट्या करून टाकल्या."

दोन दिवस त्या पाच बाटल्या चुलीच्या धगीच्या त्या घरात, चैत्राच्या उन्हात, सरळ उभ्या राहिल्या होत्या. गॅस बुचाला टेकलेला. हलका आधी निघून गेला. एका बाईने दुसऱ्याच्या वस्तूची काळजी घेतली म्हणून. आणि ते मला कुणी सांगितलं नाही, कारण मी रागावेन याची त्या दोघींना भीती होती. बुचं जुनी होती, हे खरं. पण भीती मी घातलेली होती. माझ्या कपाळावरच्या आठीने एक विहीर बंद पाडली होती.

मग मी अर्धं मिनिट दिलं. खरं तर बराच वेळ दिला. रिकामी बाटली घेतली, पाणी घातलं, उलटी करून दाखवली, सरळ करून दाखवली. हलकं आधी निघून जातं, जड मागे राहतं, आणि मागे राहिलेल्यावरून आम्ही धरून चाललो की सगळाच गॅस जड होता, असं सांगितलं. बाईने ऐकून घेतलं. मग हातातलं सूप जरा हलवून म्हणाली, "म्हणजे धान उफणल्यावानी. पोचट वाऱ्यानं दूर जाते, भरलं पायापाशी पडते. तुमी पायापासचा ढीग पाह्यला आन् म्हणलं, या वावरात पोचट पिकलंच नाई."

मी मूलची, धानवाल्याची पोरगी. लहानपणापासून खळ्यात उभी राहिलेली. चार वर्षं या कामात होते आणि हे मला सुचलं नव्हतं. तिला पहिल्या बैठकीत सुचलं. मला हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणीही आलं, ते मी पदराने टिपलं. तिने पाहिलं नसल्यासारखं केलं.

"आता विहीर वाचते काय?" तिने विचारलं.

"मी पाह्यतो," मी म्हणाले. बोलीत आमच्याकडे बायकाही कधी असं बोलतात. "पण एक काम हाय. परत नमुने घ्या लागन."

त्याच दिवशी नमुन्यांपुरतं कुलूप काढायची परवानगी फोनवरून मिळवली, बुजवायचं काम थांबवायला लावलं आणि पुन्हा सहा बाटल्या भरल्या, या वेळी नवी बुचं लावून. बांबूला गाठ बाईनेच मारली. भरलेली प्रत्येक बाटली तिने स्वतः खणात उलटी ठेवली आणि बुचावर पाणी येऊन बसलं का ते वाकून पाहिलं. जीप दारात उभी ठेवली होती. मी पेटी मांडीवर घेऊन चंद्रपूरला आले. ड्रायव्हर भाऊ म्हणाले, "मॅडम, मागं ठेवा ना पेटी." मी म्हटलं, नको, राहू द्या.

आकडे आले. सहाही सारखे, सहाही हलके. माझ्या जिवात जीव आला, पण फोनवरचे शास्त्रज्ञ हुरळून जाणाऱ्यांतले नव्हते. ते म्हणाले, "हलका म्हणजे गाळ, एवढ्यावर मी सही करणार नाही. तुमच्या त्या बाई उफणणीचं म्हणाल्या, असं सांगितलंत ना? मग दूरच्या ढिगाचाही विचार करा. कोळशातला गॅस घट्ट मातीतून झिरपत येऊन वाटेत हलका झाला असेल तर? तुम्हाला मिळाला तो दूरचा ढीग नाही, हे दाखवा."

हे कसं दाखवणार? उत्तर पुन्हा टोल्यावरच मिळालं. मी बाईला विचारलं की विहीर खणली तेव्हा आधी त्या जागी काय होतं. ती म्हणाली, सासऱ्याच्या काळी तिथे बोडी होती, धानाला पाणी द्यायचं लहान तळं. ती हळूहळू गाळाने भरली, पाल्याने भरली, आणि तिच्याच कडेला यांनी विहीर खणली. मागच्या दोन वर्षांत तळाचा गाळ निघालाच नव्हता, कारण मुलगा मिरचीला गेलेला असायचा. आम्ही बोडीच्या जागेत खोदून काळा चिखल घेतला, त्यातला गॅस घेतला. काही कोसांवरच्या त्या कोळशाच्या बोअरचाही गॅस मिळवला. बोअरच्या गॅसमध्ये मिथेनबरोबर त्याच्याहून जड असे दुसरे वायूही होते, कोळशासोबत खोलवर तयार होणारे. विहिरीच्या गॅसमध्ये ते औषधालाही नव्हते. आणि बोडीच्या चिखलाचा आकडा विहिरीच्या आकड्याशी जुळला. विहिरीतला गॅस लांबून आलेला नव्हता. तो तिथेच, सासऱ्याच्या बोडीच्या पाल्यात तयार होत होता.

शास्त्रज्ञांनी सही केली. आता अहवाल लिहायचा होता, आणि पहिला आकडा का चुकला हे त्यात लिहावंच लागणार होतं. मी टोल्यावर गेले तेव्हा बाई म्हणाली होती, "माझं नाव लिहा. मीच हात लावला." तिने दोनदा म्हटलं. ऑफिसातही एकाने सुचवलं, स्थानिकांनी नमुने हाताळले एवढं लिही, तू सुटशील. ते खोटंही नव्हतं. मी लिहिलं की नमुने नियमाविरुद्ध दोन दिवस गावात ठेवले, बुचं जुनी होती, आणि ते कसे ठेवायचे व का, हे मी त्या घरच्या लोकांना सांगितलं नाही. त्या वर्षी माझं कंत्राट पुढे वाढलं नाही. दोन वर्षं मूलला घरी काढली, शिकवण्या केल्या, धान उफणलं. मग परत बोलावणं आलं.

आज माझ्या हाताखाली नवी मुलं-मुली येतात. त्यांना मी भूगर्भातल्या गॅसच्या प्रवासाबद्दल शिकवते ते सूप हातात घेऊन. आणि गावात जाताना मूलची बोली सोबत नेते. पेटी कुणाच्या घरी ठेवायची वेळ आलीच तर आधी बाटली उलटी करून दाखवते, मग म्हणते, काही झालं तर सांगा, मी रागावणार नाही. पहिल्या-पहिल्यांदा हे म्हणताना जीभ अडखळायची. आता सवय झाली आहे. माझ्या कामात जे काही बरं आहे ते मी त्या घरातून घेऊन आले आहे, आणि त्याबद्दल त्या बाईचे आभार मला कधी नीट मानता आलेले नाहीत. हे लिहिणं त्यासाठीच.

विहीर पुन्हा उघडली तो दिवस सांगायचा राहिला. माझं कंत्राट संपायला आठवडा उरला होता. गाळ काढून झाला होता, भुवया गेलेला तो माणूसच उतरला होता, या वेळी खिसे उलटे करून दाखवून. पाणी दोन दिवस निवळू दिलं होतं. टोल्यावरच्या बायका घागरी घेऊन आवारात उभ्या होत्या. दीड महिना नाल्यावर गेलेल्या बायका. कुणाच्या टाचा फुटलेल्या, कुणाचा खांदा धरलेला. कुणामुळे ते त्यांना माहीत होतं. मी जीपच्या आडोशाला थांबले होते. परवानगीचा कागद द्यायचा आणि निघायचं, असं ठरवून आले होते.

बाईने पहिली बादली ओढली. त्यातलं ओंजळभर पाणी जमिनीवर सोडलं, पूर्वजांसाठी. मग एक लोटा भरला आणि बायकांच्या मधून वाट काढत ती सरळ माझ्याकडे आली.

"घ्या जी."

मी म्हणाले, "आधी त्यायले देना बाई. त्या उभ्या हायेत कवाच्या."

"त्यायचं हायेच. तुमी परत आल्या, म्हणून विहीर हाय."

मला ते ऐकवेना. मी म्हणाले, "बाई, बंद माझ्याच्यानंच झाली होती."

"हाव, मालूम हाय," ती म्हणाली. "प्या."

सगळ्या बायका बघत होत्या. मी दोन्ही हातांनी लोटा धरला आणि प्याले.